मामांचा खोकला आणि पिवळा कागद

माझे मामा जेलमध्ये होते. पुण्यात ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर हे वाक्य बोललं की समोरच्याचा घास क्षणभर हातातच राहतो. मग मी घाईघाईनं सांगतो, "नोकरीला हो, नोकरीला!" मामांना ही गंमत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "फरक फारसा नाही रे. मला तीस वर्षांची झाली, फक्त रोज घरी जाऊ देत होते."

आपल्या मंडळाच्या अंकात बुऱ्हाणपूरवर लेख म्हटला की कुंडी भंडारा, शाही किल्ला, मुमताजमहल आणि मावा जिलेबी हे ठरलेलं. माझीही तक्रार नाही, जिलेबीबद्दल तर मुळीच नाही. पण मी यावेळी लिहिणार आहे ते जेलच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांबद्दल, आणि त्यांच्यासाठी आम्ही घरातल्या घरात तयार केलेल्या एका कागदाबद्दल. आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरांमध्ये पोलीस, रेल्वे, नेपानगरची पेपर मिल आणि जेल या नोकऱ्या करणारी माणसं कमी नाहीत. तुमच्या नात्यात कुणी असेल तर हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचवा, एवढीच विनंती आधी करून ठेवतो.

महाराष्ट्रात ज्याला कारागृह शिपाई म्हणतात त्याला आपल्याकडे जेल प्रहरी म्हणतात. मामा प्रहरी म्हणून लागले आणि मुख्य प्रहरी होऊन निवृत्त झाले. मधल्या काळात पाच-सहा गावं फिरले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्यांच्याकडे राहायला जायचो, म्हणजे जेल लाईनीत. एका रांगेत सारखी क्वार्टर्स, समोर कडुनिंब, पलीकडे ती उंच भिंत. घरातलं सगळं वेळापत्रक भिंतीच्या आतल्या घड्याळावर चालायचं. सकाळची गिनती, संध्याकाळची गिनती, मग तालाबंदी. गिनती जुळली नाही की मामांचं जेवण लांबायचं, आणि मामी भात पुन्हा गरम करायची.

एका रात्री पगली घंटी वाजली. धोक्याच्या त्या घंटेला सगळीकडे हेच नाव आहे. दोन मिनिटांत अख्खी लाईन पळताना दिसली. मामा बनियनवर शर्ट चढवत, कमरेचा पट्टा हातात धरून धावले. मामीनं दाराची कडी लावली, आम्हा पोरांना आतल्या खोलीत बसवलं आणि गॅस बंद केला. का बंद केला, ते मला आजवर समजलेलं नाही. तासाभरानं मामा परत आले. सराव होता म्हणे. तो पट्टा पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मामांना खोकला लागला. मामा तेव्हा एका जेलमध्ये होते, कुठल्या ते सांगत नाही. थंडीचे दिवस होते. मामांनी धुळीला दोष दिला, मग विडीला, मग मामीच्या फोडणीला. एका खाजगी डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, पुढच्या महिन्यात बदलून दुसरं दिलं. असे तीन महिने गेले. मामांना संध्याकाळी कणकण वाटायची, पण ड्यूटी चुकवण्याइतकी नाही. आणि ड्यूटी चुकवायची म्हणजे आपल्या जागी दुसऱ्यानं सलग दुसरी पाळी करायची, हे त्यांना कधी पटलं नाही.

त्याच काळात जेलमध्ये क्षयरोगाच्या तपासणीचं शिबिर झालं. सरकारी पथक आलं. बॅरकमधून एकेक कैदी बाहेर काढून त्याला विचारायचं, खोकला किती दिवस, वजन कमी झालं का, मग थुंकीची डबी द्यायची. रांग लावण्याचं आणि रजिस्टरमध्ये नावं लिहिण्याचं काम मामांकडे होतं. दिवसभर ते टेबलाशी बसून खोकत होते आणि दुसऱ्यांच्या खोकल्याचे दिवस लिहून घेत होते. मागच्या भिंतीवर पोस्टर होतं: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. दोन कैद्यांना क्षय निघाला, त्यांना औषधं सुरू झाली. मामांना कुणी विचारलं नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मामांच्याही मनात आलं नाही. "ते पोस्टर बंदी लोकांसाठी होतं ना," असं ते मला नंतर म्हणाले, अगदी साधेपणानं.

शेवटी मामीच्या लक्षात आलं, ते पट्ट्यावरून. रोज इस्त्रीचा गणवेश काढून ठेवताना तिला दिसलं की पट्ट्याचं जुनं भोक ताणून मोठं झालेलं आहे आणि बक्कल आता दोन भोकं आत बसतंय. तिनं माझ्या आईला फोन केला, आईनं बुऱ्हाणपूरला बोलावून घेतलं आणि जिल्हा रुग्णालयात नेलं. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. सहा महिने औषधं घेतली, पूर्ण बरे झाले, पुन्हा ड्यूटीवर गेले. पण वर्षभरानं मामीच्या मानेत गाठ आली. गाठीचा क्षय. तीही औषधांनी बरी झाली. आता दोघंही ठणठणीत आहेत. तरी मामांशी आजारपणाचा विषय काढला तर ते स्वतःबद्दल काही बोलत नाहीत. "मीच घरी आणला," एवढंच म्हणतात.

हे सगळं मला सांगोवांगी कळलं, कारण तेव्हा मी पुण्यात नव्या नोकरीत गुंतलो होतो. नंतर मात्र तो पोस्टरचा प्रसंग माझ्या डोक्यातून जाईना. माहिती भिंतीवर होती, फुकट होती, बरोबर होती, मामांच्या डोक्यामागे तीन फुटांवर होती. फक्त ती आपल्यासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी वाचू लागलो. आपल्या जेलांचा कारभार ज्यावर शतकभराहून जास्त चालला तो कायदा १८९४ चा. कैदी आत आला की त्याची वैद्यकीय तपासणी करावी, असं त्यात लिहिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पहारेकरी त्यात येतो तो मुख्यतः काय करू नये हे सांगायला. कामात कसूर केली तर दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९८० ते ८३ मध्ये न्यायमूर्ती मुल्ला समितीनं जेल सुधारणांचा अभ्यास केला तेव्हा कर्मचाऱ्यांचाही विचार केला आणि जेल सेवेसाठी अखिल भारतीय केडर असावं, असं सुचवलं. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीचे जे नियम मंजूर केले त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव आहे. त्यातही कर्मचाऱ्यांचा पगार, प्रशिक्षण, प्रथमोपचाराचं ज्ञान यांवर स्वतंत्र नियम आहेत. मंडेलांना स्वतःला १९८८ मध्ये तुरुंगात असताना क्षय झाला होता, हे मला हे वाचतानाच कळलं. आपल्या राज्यानं २०२४ मध्ये नवा कायदा केला, त्याच्या नावातच सुधारात्मक सेवा आणि बंदीगृह हे शब्द आहेत. नाव चांगलं आहे. मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "पाटी बदलली की रंगाचा डबा आम्हालाच आणावा लागतो."

एक गोष्ट मला नेहमी विचित्र वाटते. तुरुंगात लिहिलेल्या मराठी पुस्तकांची नावं आपण शाळेपासून ऐकतो. शेजारच्या धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातली. आपल्या असीरगडावर इंग्रजांनी नामधारी पंथाच्या कुका चळवळीतले कैदी ठेवले होते. खंडव्याच्या जेलला टंट्या भिल्लाचं नाव आहे, आणि टंट्या १८७८ साली खंडव्याच्याच जेलमधून पळाला होता. त्या रात्री पहाऱ्यावर कोण होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे विचारायची इच्छा मला तरी होते. जेलरला नायक करणारा एकच मोठा सिनेमा मला आठवतो, शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ', १९५७ चा. त्याची पटकथा गदिमांची, आणि कल्पना औंध संस्थानातल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून घेतलेली. त्यातला जेलरही शेवटी बैलांशी झुंजताना मरतो, आणि ते दृश्य करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना जबर इजा झाली होती. एकूण या पेशाच्या नशिबी तब्येत नाहीच, सिनेमातसुद्धा.

थट्टा बाजूला. जेलचे आकडे पाहिले की मामांच्या खोकल्याचं कारण समजतं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या जेलांची क्षमता होती सुमारे ४ लाख ३६ हजार, आणि आत होते ५ लाख ७३ हजार. दर चारातले तीन कैदी अजून खटला चालू असलेले. मध्य प्रदेशातली गर्दी देशाच्या सरासरीहूनही जास्त. दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या मंजूर जागांपैकी जवळपास तिसरा हिस्सा रिकामा. म्हणजे बंद हवेच्या बॅरकमध्ये जास्त माणसं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कमी माणसं, जास्त तास. क्षयाला आणखी काय हवं? मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात कोरोना शिरला तेव्हा दीडशेहून जास्त कैदी बाधित झाले आणि त्यांच्यासोबत कर्मचारीही. त्या काळात महाराष्ट्रातल्या काही जेलांना बाहेरून कुलूप घालून कर्मचाऱ्यांना आतच मुक्कामाला ठेवलं होतं. आणि धोका फक्त रोगाचा नाही. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे भोपाळच्या केंद्रीय जेलमधून आठ विचाराधीन कैदी पळाले, तेव्हा पहाऱ्यावरचे रमाशंकर यादव मारले गेले. ती दिवाळीची रात्र होती. मामा त्या दिवशी दुसऱ्या गावी ड्यूटीवर होते. त्या सकाळी मामीनं आम्हाला फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं.

२०२० च्या टाळेबंदीत मी लॅपटॉप घेऊन बुऱ्हाणपूरला आलो आणि दीड वर्ष राहिलो. मामा निवृत्त होऊन लालबागला घर बांधून राहिले होते. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या तरुण प्रहरींचे फोन त्यांना सतत यायचे. अमुक अर्ज कुठे मिळतो, मुलाच्या अंगाला खाज सुटली आहे, बदली झाली तर शाळेचं काय. मामा आठवेल तसं सांगायचे. आठवणारं निम्मं जुनं असायचं.

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तीन शनिवार-रविवार बसून मी एक मोबाईल ॲप केलं. छान निळा रंग, बटणं, शोधायची सोय, लॉगिन करायला ओटीपी. मोठ्या अभिमानानं मामांना दाखवलं. मामांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "फोन आत न्यायला बंदी आहे, माहितेय ना? फाटकावर जमा करावा लागतो."

"मग घरी गेल्यावर बघतील."

"बारा तास जेल बघून आल्यावर घरी कोण जेलचं काहीतरी उघडून बसेल?"

तीन शनिवार-रविवार गेले ते गेले. मामांनीच उपाय सांगितला: एक कागद करायचा. दोन्ही बाजूंनी छापलेला, घडी करून शर्टाच्या खिशात मावणारा, आणि तसाच घरातल्या बाईला वाचता येणारा. भाषा हिंदी, कारण लाईनीत सागर, रीवा, झाबुआ सगळीकडची माणसं असतात. मामीच्या हट्टापायी एक मराठी प्रतही. रंग पिवळा, कारण पांढरा कागद ऑर्डरच्या गठ्ठ्यात हरवतो. पुढे शरीर, मागे कागदपत्रं. शरीराची बाजू एका ओळखीच्या सरकारी डॉक्टर बाईंनी तपासून दिली, मागची एका वकील मित्रानं.

त्यातलं काही इथे देतो, कारण ते जेलबाहेरच्यांनाही उपयोगी आहे. पहिली ओळ अर्थातच खोकल्याची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, यातलं काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायची. तपासणी फुकट, औषधं फुकट, आणि नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पैसे खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार रुपये आहेत. चौकशीचा फुकट नंबर १८००-११-६६६६. आणि ज्या ओळीसाठी मी सगळा कागद केला ती पुढची: घरात एकाला क्षय निघाला तर बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या, आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून द्यायची औषधंही सरकार देतं. मामांच्या वेळी हे मामीला कुणी सांगितलं असतं तर, असं म्हणायचा मोह होतो. पण घरच्या मोठ्या माणसांसाठी त्या गोळ्या तेव्हा नव्हत्या, हे डॉक्टर बाईंनी मला समजावलं. तपासणी मात्र होती.

मग रक्ताचं. झटापटीत चावा, ब्लेडची जखम, झडतीत टोचलेली सुई. जखम साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि तसंच सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा बहात्तर तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि अठ्ठावीस दिवस घ्याव्या लागतात. "उद्या ड्यूटी संपल्यावर जाईन" हे इथे चालत नाही. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायला १०९७. कावीळ बीची लस मात्र जखमेची वाट न बघता आधीच घ्यायची, तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. नोकरीत वीस वर्षं झालेले मामांचे तीन सहकारी आम्हाला भेटले ज्यांनी ही लस घेतलेली नव्हती. किंमत फार नाही. सांगितलंच नव्हतं कुणी.

खरजेची ओळ मामीनं घालायला लावली. जेलमधून गणवेशावर खरूज घरी येते आणि मग महिनोनमहिने लाईनीत फिरत राहते, कारण मलम ज्याला खाज आहे तोच लावतो. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो नसो, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायच्या. मामी म्हणते, या एका ओळीनं तिला लाईनीत डॉक्टरीणबाईंचा मान मिळवून दिला.

बाकी रक्तदाब, साखर, रात्रपाळीनंतरची झोप, उभं राहून पायांच्या फुगलेल्या शिरा, हे सगळं चार-चार शब्दांत आहे. ते तुम्हाला ठाऊकच असतं, करत कुणी नाही. मी पण नाही.

मागची बाजू मला सोपी वाटली होती, ती जास्त कठीण निघाली. बदलीच्या माणसाचे कागद नेहमी मागच्या गावात असतात. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय पान हलत नाही, हे आपल्याला सांगायला नको. कुटुंबाचा आठ अंकी, माणसाचा नऊ अंकी. रीवाकडून बुऱ्हाणपूरला आलेल्या प्रहरीचं कुटुंब समग्रमध्ये अजून रीवाच्या पंचायतीत, मग शाळेत, शिष्यवृत्तीत, सगळीकडे अडतं. मतदार यादीचंही तेच. कैद्याला मत देता येत नाही, ते १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं. त्याच्यावर पहारा देणाऱ्याला कायद्यानं देता येतं, पण नाव सातशे किलोमीटरवरच्या गावात आणि मतदानाच्या दिवशी रजा नाही. फॉर्म ८ भरून नाव नव्या पत्त्यावर आणता येतं, ऑनलाईन किंवा बीएलओकडे. मामांनी मात्र तीस वर्षांत दोनदाच मत दिलं, हे त्यांनी मला कागद करताना हिशोब करून सांगितलं.

पेन्शनची ओळ नव्या पोरांसाठी. १ जानेवारी २००५ पासून लागलेले सगळे नव्या पेन्शन योजनेत. भरती होताना पोरगं एकटं असतं, वारस म्हणून आईचं नाव लिहितं. लग्न झालं की ते नामांकन पुन्हा भरावं लागतं, आणि ते कुणी भरत नाही. सेवा पुस्तिकेत काय लिहिलंय हे पाहायचं असेल आणि कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. घरातल्या बाईला कुठल्याही कोर्टकज्जात, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. आणि घरात सत्तर ओलांडलेले आई-वडील असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत उपचार, आणि यादीतलं रुग्णालय असेल तर महाराष्ट्रातही चालतं. आपल्या बुऱ्हाणपूरकरांचा अर्धा दवाखाना जळगावला असतो, म्हणून ही ओळ ठळक अक्षरात.

सगळ्यात शेवटी एकच नंबर मोठ्या आकड्यांत आहे: १४४१६. टेली-मानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, हिंदीत, मराठीतही. हा नंबर छापताना मला वाटलं होतं, आपल्याकडची माणसं यावर फोन करणार नाहीत. मी आधीच्या छपाईत तो कोपऱ्यात बारीक टाकला होता.

मग एका रात्री मामांच्या फोनवर एका तरुण प्रहरीचा फोन आला. मी शेजारीच होतो. त्याच्या पाळीत एका कैद्यानं जीव दिला होता. असं काही घडलं की चोवीस तासांत मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं, दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते, जबाब होतात. हे सगळं हवंच. एक माणूस सरकारच्या ताब्यात असताना गेला आहे. या पोरानं तीनदा जबाब दिला होता. किती वाजता फेरी मारली, शेवटचं कधी पाहिलं, दार कोणी उघडलं. अकरा दिवस तो झोपला नव्हता, आणि झोपलास का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मामा त्याच्याशी दीड तास बोलले. जास्त ऐकलंच. शेवटी म्हणाले, "बेटा, तेरी जेब में वो पीला कागज है ना? नीचे नंबर देख." पलीकडून काही वेळ आवाज नाही. मग घडी उलगडल्याचा आवाज आला, तो मला फोनवरून स्पष्ट ऐकू आला.

त्यानं फोन केला. तिथून त्याला जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं. दोन महिने गोळ्या घेतल्या, बायकोला गावाहून बोलावून घेतलं. आता तो बरा आहे. दिवाळीला मामांकडे फराळाला येतो आणि चकल्या मामीपेक्षा बऱ्या करतो, असं मामी स्वतः म्हणते. पुढच्या छपाईत नंबर मोठा झाला तो असा.

कागदाच्या आजवर चार आवृत्त्या झाल्या. दर वर्षी आकडे, रकमा, नंबर बदलतात. मी जानेवारीत बसून सगळे नंबर स्वतः फिरवून बघतो. कुणी उचललं नाही तर ओळ काढतो. लालबागच्या झेरॉक्सवाल्याला आता पिवळा कागद मागावा लागत नाही, मला पाहिल्यावर तोच गठ्ठा काढतो. ॲप अजून कुठेतरी सर्व्हरवर पडून आहे. त्यात आजवर सात जणांनी लॉगिन केलं, त्यातले दोन मी.

गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो तेव्हा मराठी प्रत स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. कडा हळदीच्या बोटांनी मळलेल्या. गॅसचा आणि दूधवाल्याचा नंबर मामीनं वर पेननं लिहिलेला. आणि खोकल्याच्या ओळीत, मी छापलेल्या "वजन उतरणं" या शब्दांवर तिनं काट मारली होती. शेजारी लिहिलं होतं, "लाईनीत वजनकाटा कुणाकडे असतो? पट्टा दोन भोकं आत गेला की दवाखाना."

पाचव्या आवृत्तीत तसंच छापलं आहे.